पांजरपोळ

गोवंडीला किंवा चेंबूरला नातेवाइकांकडे जाताना तुम्ही ‘पांजरपोळ’ हे नाव नक्की ऐकले असेल. पूर्व मुक्त मार्ग चेंबूरजवळ ज्या भागातून जातो, तो भागही याच नावाने ओळखला जातो. नाव रोजच्या तोंडातले आहे. पण त्याचा अर्थ विचारला, तर बहुतेक मुले गप्प बसतात. आमच्या नववीच्या वर्गातही तसेच झाले. शेवटी मागच्या बाकावरच्या एका मुलाने उत्तर दिले, “टीचर, तिथे पिंजरे बनवत असतील.”

वर्ग हसला. पण त्या मुलाचे उत्तर अगदीच चुकलेले नव्हते. ‘पांजर’ आणि ‘पिंजरा’ हे शब्द एकाच घराण्यातले आहेत. पिंजरा हा शब्द उर्दूतही आहेच. ‘पोळ’ हा शब्द गुजरातीतून आला. फाटक असलेली वस्ती किंवा गल्ली म्हणजे पोळ. अहमदाबादच्या जुन्या शहरात अशा अनेक पोळ आहेत. मराठीत मात्र देवाच्या नावाने मोकळा सोडलेला बैल, त्यालाही ‘पोळ’ म्हणतात, आणि ‘पोळा’ हा तर बैलांचा सण. हे शब्द एकमेकांत मिसळू नका.

पांजरपोळ म्हणजे निकामी जनावरे सांभाळण्याची जागा. जी गाय दूध देत नाही, जो बैल नांगर ओढू शकत नाही, जी शेळी लंगडी आहे, जे वासरू आंधळे आहे, जे घोडे म्हातारे झाले आहे, अशा जनावरांना तेथे मरेपर्यंत चारा-पाणी मिळते. कोंडवाडा वेगळा. दुसऱ्याच्या शेतात शिरलेले किंवा रस्त्यावर मोकाट फिरणारे जनावर पकडून कोंडवाड्यात ठेवतात. मालक दंड भरतो आणि जनावर घरी नेतो. पांजरपोळीत येणाऱ्या जनावराला न्यायला सहसा कोणी येत नाही.

हा धडा लिहिण्याचे कारण एक गाय आहे.

आमची वागळे इस्टेट ही महाराष्ट्रातील जुन्या औद्योगिक वसाहतींपैकी एक. येथे रस्त्यांना नावांऐवजी नंबर आहेत. रोड नंबर सोळा, रोड नंबर बावीस, असे. ट्रक, टेम्पो, कारखान्यांच्या भिंती आणि भिंतींना चिकटून दाट वस्ती. अशा ठिकाणी गवताची एक काडी मिळणे कठीण. दोन वर्षांपूर्वी पावसाळ्यात एका बंद कंपनीच्या भिंतीपाशी एक म्हातारी गाय येऊन बसली. ती कोणाची होती, कोठून आली, कोणालाच सांगता येईना. शाळेत येता-जाता मुले तिला पाहत. मुलांचे मन कोवळे असते. कोणी घरून शिळी रोटी आणली, कोणी पाव आणला. प्लास्टिकच्या पिशवीत आणलेली रोटी पिशवीसकट तिच्यापुढे ठेवली गेली. जवळच एका लग्नाचे जेवण उरले होते, त्यातला मोठे पातेलेभर भात एका भल्या माणसाने तिच्यापुढे ओतला. गाईने तो सगळा खाल्ला. मुले खूश झाली.

तिसऱ्या दिवशी गाईने रवंथ करणे थांबवले. तिच्या पोटाची डावी बाजू ढोलासारखी फुगली. कोणी तरी फोन केला आणि जनावरांची सेवा करणारी काही तरुण मंडळी टेम्पो घेऊन आली. आठ माणसांनी मिळून तिला चढवले. पाचव्या दिवशी ती गेल्याचे कळले. डॉक्टरांनी दोन कारणे सांगितली होती. एक, तिच्या पोटात प्लास्टिकचा मोठा गोळा होता. तो काही दोन दिवसांत जमलेला नव्हता, वर्षानुवर्षांचा होता. आणि दुसरे, तो भात.

“टीचर, भाताने गाय कशी मरेल?” हा प्रश्न वर्गात लगेच आला. रोटी आणणाऱ्या मुलींपैकी एक रडत होती, तेव्हा उत्तर नीट देणे भाग होते.

गाईच्या पोटाचे चार कप्पे असतात. त्यातला पहिला आणि सर्वांत मोठा म्हणजे कोटीपोट. गाय चारा घाईने गिळते, तो कोटीपोटात जातो, मग निवांत बसून ती तो पुन्हा तोंडात आणते आणि चावते. यालाच रवंथ म्हणतात. कोटीपोटात डोळ्यांना न दिसणारे असंख्य सूक्ष्म जीव राहतात. गवतातला चिवट भाग पचवण्याचे काम तेच करतात. त्यांची सवय गवताची, कडब्याची. भात, पाव, पुऱ्या असे पिठूळ अन्न एकदम खूप पडले, की ते फार वेगाने आंबते आणि पोटात आम्ल वाढते. चांगले सूक्ष्म जीव मरतात, रवंथ थांबते, पोट फुगते. म्हातारे जनावर यातून क्वचितच उठते. एक-दोन रोट्यांनी काही बिघडत नाही. पातेलेभर भाताने बिघडते. प्लास्टिकचे तर पचनच होत नाही. खरकटे पिशवीत बांधून फेकले, की गाय वासाने पिशवीसकट गिळते. ती पिशवी पुढे जात नाही, मागे येत नाही, कोटीपोटातच राहते आणि दुसऱ्या पिशवीत गुंतते. महाराष्ट्रात २०१८ साली प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आली. आमच्या गल्लीतल्या कचऱ्याकडे पाहिले, तर ती बातमी अजून तेथे पोहोचलेली दिसत नाही.

म्हणजे दया होती, माहिती नव्हती. पण मुलांनी पुढचा प्रश्न विचारला, तो मला अधिक मोलाचा वाटला. ती गाय वाचली असती तर? तिला रोज कोणी खाऊ घातले असते, आणि किती दिवस?

चला, हिशेब करू. मोठ्या गाईला दिवसाला साधारण पंधरा ते वीस किलो हिरवा चारा आणि पाच-सहा किलो वाळलेला चारा लागतो. देशावर वाळलेला चारा म्हणजे ज्वारीचा कडबा. आपल्या ठाणे जिल्ह्यात आणि कोकणात भाताचा पेंढा. पाणी चाळीस ते साठ लिटर, उन्हाळ्यात त्याहूनही जास्त. शंभर गाई असतील, तर रोज चार ते सहा हजार लिटर पाणी झाले. आपल्या वस्तीत दहा हजार लिटरचा टँकर येतो, त्याच्या साधारण निम्मे! आता पैसे पाहा. २०१९ च्या दुष्काळात सरकारने मराठवाड्यात आणि इतरत्र चारा-छावण्या उघडल्या होत्या. तेथे एका मोठ्या जनावरामागे दिवसाला शंभर रुपयांपर्यंत खर्च दिला जात असे. त्या दराने शंभर जनावरांचे दिवसाला दहा हजार आणि वर्षाला साडेछत्तीस लाख रुपये होतात. यात डॉक्टर नाही, औषध नाही, नोकरांचा पगार नाही, पावसाळ्यापूर्वी छप्पर दुरुस्त करणे नाही. गाय वीस वर्षेही जगू शकते. दूध देणे मात्र ती पुष्कळ आधी थांबवते.

इतका खर्च एक माणूस किती काळ करील? मोठा शेठही थकेल. मग पांजरपोळी शे-दीडशे वर्षे कशा चालल्या? त्यासाठी आपल्याला मुंबईतच, पण १८३२ सालच्या मुंबईत जावे लागेल.

त्या काळी मुंबईत इंग्रज सरकारचा एक हुकूम होता. उन्हाळ्याच्या महिन्यांत मोकाट कुत्री मारायची. कुत्र्यामागे बक्षीस असल्यामुळे शिपाई पाळलेल्या कुत्र्यांनाही सोडीनात, लोकांच्या घराजवळ येऊनही त्यांना मारू लागले. पारशी लोक कुत्र्याला फार मानतात. ६ जून १८३२ रोजी पारशी वस्तीत लोकांनी शिपायांना अडवले. दुसऱ्या दिवशी दुकाने बंद झाली, इतर समाजांचे लोकही सामील झाले आणि कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारे अन्नपाणीसुद्धा अडवण्यात आले. इतिहासात याला मुंबईची कुत्र्यांची दंगल म्हणतात. सैन्य आले, धरपकड झाली, शिक्षा झाल्या.

दंगल शमली, पण प्रश्न उरलाच. कुत्री मारायची नाहीत, तर त्यांचे करायचे काय? तेव्हा दोन व्यापारी पुढे आले. एक जमशेटजी जिजीभाई. ज्यांच्या नावाचे जे. जे. रुग्णालय आहे तेच हे. दुसरे मोतीचंद अमीचंद ऊर्फ मोतीशा शेठ. एक पारशी, दुसरे जैन. दोघे धंद्यातही भागीदार होते, आणि त्याच पेढीचे आणखी एक भागीदार होते कोकणी मुसलमान व्यापारी महंमद अली रोगे. या पेढीची जहाजे चीनपर्यंत जात. त्यांच्या संपत्तीत कापसाबरोबर अफूच्या व्यापाराचाही वाटा होता, हेही सांगितले पाहिजे. १८३४ साली जमशेटजी आणि मोतीशा यांनी भुलेश्वरजवळ मुंबईची पांजरपोळ सुरू केली. कुत्र्यांपासून सुरुवात झाली आणि गाई, बैल, घोडे, पक्षी असे सगळेच तेथे येऊ लागले.

सुरुवात करणे सोपे असते. या दोघांचे खरे शहाणपण पुढे आहे. देणगी देऊन ते थांबले नाहीत. बाजारातल्या व्यापाऱ्यांनी एकत्र बसून ठरवले, की मालाच्या व्यवहारावर एक लहानशी ठरावीक रक्कम पांजरपोळीसाठी काढून ठेवायची. कापसाच्या गाठी विकल्या, की गाठीमागे थोडेसे. याला ‘लागा’ म्हणत. एका गाठीवरचे ते पैसे कोणाला जड नव्हते. पण मुंबईच्या बंदरातून किती गाठी जात होत्या, याचा विचार करा! कोणा एकाच्या मनात रोज दया उत्पन्न होण्याची वाट पाहावी लागली नाही. व्यापार चालला, की चारा आला.

येथे मला आपला मुलुंड चेकनाका आठवतो. तुम्ही फार लहान असाल, पण तुमच्या वडिलांना विचारा. २०१७ पर्यंत मुंबईत माल घेऊन जाणारे ट्रक तेथे लांबच लांब रांगा लावून उभे असत आणि ‘जकात’ भरत. शहराच्या हद्दीत येणाऱ्या मालावरचा कर म्हणजे जकात. हा मराठी शब्द तुमच्या ओळखीचा वाटेल, कारण तो मूळचा अरबी ‘ज़कात’च आहे. उर्दूत त्याचा अर्थ धर्माने सांगितलेला गरिबांचा वाटा असाच राहिला. मराठीत तो राजांच्या आणि नगरपालिकांच्या करापर्यंत येऊन पोहोचला. एकच शब्द, पण नाक्यावरची जकात ड्रायव्हर कुरकुरत देई आणि घरातली ज़कात माणूस आपण होऊन काढून ठेवतो. पांजरपोळीचा लागा या दोन्हींच्या मधला होता. सरकारची सक्ती नव्हती, पण बाजाराने आपल्यावर आपणच घातलेला नियम होता.

लागा पुढे सगळीकडे टिकला नाही. पांजरपोळींच्या उत्पन्नाचा दुसरा जुना मार्ग म्हणजे दानात मिळालेल्या घरांचे आणि दुकानांचे भाडे. हा मार्ग तर तुम्हाला चांगलाच ठाऊक आहे. मशिदीला किंवा मदरशाला दुकाने वक्फ करून देतात आणि त्यांच्या भाड्यावर खर्च चालतो, तसेच हे. वक्फ केवळ माणसांसाठीच असे, असेही नाही. सीरियाचे लेखक मुस्तफा अस-सिबाई यांनी लिहिले आहे, की दमास्कस शहरात एक हिरवे कुरण म्हाताऱ्या आणि निकामी झालेल्या घोड्यांसाठी वक्फ करून ठेवलेले होते. मालकांनी सोडून दिलेली जनावरे मरेपर्यंत तेथे चरत. कुरण विकता येत नव्हते, म्हणून घोड्यांचा घास कोणी काढून घेऊ शकत नव्हते. तहानलेल्या कुत्र्याला विहिरीतून पाणी काढून पाजणाऱ्या माणसाची हदीस तुम्ही इयत्ता तिसरी-चौथीतच ऐकली आहे. दमास्कसच्या लोकांनी त्या एका वेळच्या पाण्याची कायमची व्यवस्था केली, असे मी वर्गात सांगते.

आपल्या देशातही अशा जागा मुंबईच्या पांजरपोळीच्या कितीतरी आधीपासून होत्या. पिएत्रो देल्ला वाल्ले नावाचा इटलीचा प्रवासी १६२३ साली गुजरातमधील खंबायत बंदरात आला होता. तेथे त्याने पक्ष्यांचे रुग्णालय पाहिले, आजारी शेळ्या-मेंढ्यांची जागा पाहिली, गाई-वासरांची जागा पाहिली. या जनावरांमध्ये त्याला एक माणूसही दिसला. चोरीच्या गुन्ह्यात त्याचे दोन्ही हात तोडलेले होते. आता हा कमावणार कसा, म्हणून त्या लोकांनी त्यालाही जनावरांबरोबर ठेवून घेतले होते आणि त्याला काही कमी पडू देत नव्हते. प्रवाशाने टिपून ठेवलेली ही गोष्ट मला फार विचार करायला लावते. तो माणूस मुसलमान होता आणि त्याला सांभाळणारे त्याच्या धर्माचे नव्हते, हेही त्या प्रवाशाने नोंदवले आहे.

पुन्हा मुंबईकडे वळू. शहर वाढले, गवत संपले. भुलेश्वरच्या गर्दीत हजारो जनावरे ठेवणे शक्यच नव्हते. म्हणून पांजरपोळीने शहराबाहेर जागा घेतल्या. त्यातली एक चेंबूरला. तुमच्या त्या बसथांब्याच्या नावाचे मूळ हेच. भिवंडीकडेही जागा आहे आणि कल्याण-मुरबाड रस्त्यावर उल्हास नदीजवळच्या रायते येथेही. १८८० च्या दशकात परळला जनावरांचे मोठे रुग्णालय उभे राहिले. दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नीच्या नावाने, बाई साकरबाईंच्या नावाने, ते उभारायला मदत केली. ते आजही चालू आहे.

शेठ लोकांच्या गोष्टी ऐकून कोणी म्हणेल, आपल्याकडे कापसाच्या गाठी कोठे आहेत? तर बीड जिल्ह्यातील दहिवंडी या गावाकडे पाहू. हे गाव शिरूर कासार तालुक्यात, दुष्काळी भागात आहे. तेथील सय्यद शब्बीर यांना २०१९ साली भारत सरकारने पद्मश्री दिली. लोक त्यांना शब्बीर मामू म्हणतात. त्यांच्या वडिलांचा धंदा खाटकाचा होता. पुढे वडिलांनी तो सोडला आणि कत्तलीसाठी आणलेल्या दोन गाई सांभाळायला सुरुवात केली. मुलाने ते काम पुढे नेले. पद्मश्री मिळाली तेव्हा त्यांच्याकडे शंभराहून अधिक जनावरे होती. दूध विकण्याचा धंदा त्यांनी केला नाही. उत्पन्न म्हणजे मुख्यतः शेण. एक गाय दिवसाला दहा-बारा किलो शेण देते, म्हणजे शंभर गाईंचे रोज एक टन झाले. शेतकरी ते खतासाठी विकत घेत. वर्षाला सुमारे सत्तर हजार रुपये त्यातून मिळत, असे तेव्हा वर्तमानपत्रांत आले होते. वर आपण केलेल्या हिशेबाशी हा आकडा ताडून पाहा. साडेछत्तीस लाख कोठे आणि सत्तर हजार कोठे! उरलेला सगळा भार त्या कुटुंबाच्या अंगावर आणि माळावरच्या गवतावर.

त्यांची आणखी एक पद्धत होती. धडधाकट गोऱ्हे ते गरजू शेतकऱ्याला देत, पण त्याच्याकडून लिहून घेत, की हा बैल कत्तलीसाठी विकणार नाही आणि म्हातारा झाला तर परत आणून देईन. म्हणजे बैलाची उमेदीची वर्षे शेतकऱ्याच्या घरी जात, चारा शेतकरी घाली आणि दहिवंडीवर फक्त म्हातारपण येई. मला ही युक्ती मुंबईच्या लाग्याइतकीच हुशारीची वाटते. भार येथेही वाटलाच गेला.

पद्मश्रीने पोट भरत नाही, हेही त्याच वर्षी दिसले. २०१९ च्या मे महिन्यात, दुष्काळ तीव्र असताना, सरकारी अनुदानाचा प्रस्ताव नामंजूर झाल्यामुळे शब्बीर मामूंनी पद्मश्री परत करण्याची भाषा केली होती. साऱ्या देशात ती बातमी झाली.

अनुदानाबद्दल थोडे सांगते. महाराष्ट्रातील पशु-संरक्षणाचा कायदा १९७६ सालचा आहे. २०१५ साली तो बदलला आणि गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही बंदी आली. त्यामुळे म्हातारा बैल विकण्याचा जुना रस्ता बंद झाला. बैल तर उरलाच, त्याची भूकही उरली. ज्या शेतकऱ्याकडे दोन एकर जमीन आहे, तो निकामी बैलाला किती वर्षे पोसणार? त्यामुळे गोशाळांवरचा आणि पांजरपोळींवरचा भार वाढला. सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने नोंदणी असलेल्या गोशाळांतील देशी गाईंसाठी दिवसाला प्रत्येकी पन्नास रुपये देण्याचे ठरवले. हे चांगलेच झाले. पण संकरित गाईची आणि म्हशीची भूक पन्नास रुपयांच्या बाहेरच राहिली. आणि ठाणे-कल्याण भागात म्हशींचे तबेले किती आहेत, ते दुधाची किटली घेऊन जाणाऱ्या मुलांना मी सांगायला नको.

आता अशी जागा आत चालते कशी, ते पाहू. गाय मेल्यानंतर काही दिवसांनी मी अशाच एका लहान आश्रयस्थानात जाऊन आले. तेथील कामाला मी नुसती दया समजत होते, ते काम म्हणजे रोजचा काटेकोर व्यवहार आहे. नवे जनावर आले, की ते लगेच इतरांत सोडत नाहीत. दोन-तीन आठवडे वेगळे ठेवतात, म्हणजे त्याचा रोग सर्वांना लागत नाही. २०२२ साली लम्पी त्वचारोग महाराष्ट्रभर पसरला, तेव्हा या वेगळ्या गोठ्याची किंमत सगळ्यांना कळली. मग लाळ्या-खुरकुताची लस. कानात बारा आकड्यांचा पिवळा बिल्ला. वहीत नोंद: कोठून आले, कोणी आणले, अंगावर काय जखमा आहेत.

म्हाताऱ्या गाईंचे दात झिजलेले असतात. लांब कडबा त्यांना चावत नाही. म्हणून तो कुट्टीच्या यंत्रावर बारीक करून देतात. शिंगे मारणारी दांडगी जनावरे एकीकडे आणि अशक्त जनावरे दुसरीकडे ठेवावी लागतात, नाहीतर गव्हाणीत चारा भरलेला असूनही दुबळे जनावर उपाशी राहते. आंधळ्या बैलाची जागा कधी बदलत नाहीत. पाण्याचे टाके किती पावलांवर आहे, हे त्याला पाठ झालेले असते. सर्वांत कठीण काम, जे जनावर उठू शकत नाही त्याचे. त्याला दर काही तासांनी कुशीवर वळवावे लागते, नाहीतर एकाच अंगाला जखमा होतात. तीन-चारशे किलोचे जनावर वळवायला चार माणसे लागतात, रात्री दोन वाजतासुद्धा. पैशापेक्षा माणसे मिळणे कठीण, असे तेथील मामांनी मला सांगितले. देणगीदार सकाळी अकराला येतात आणि फोटो काढून जातात, असेही ते म्हणाले. मी माझा फोन पिशवीतून काढलाच नाही.

मी विचारले, “आमच्या मुलांनी काय द्यावे?” ते हसले आणि म्हणाले, “बाई, आधी काय देऊ नये ते सांगा त्यांना.” लग्नाचा भात नको, पुऱ्या नकोत, आंबलेले अन्न नको. एकाच सणाच्या दिवशी दहा गाड्या चारा येतो आणि नंतर महिनाभर कोणी फिरकत नाही, तसेही नको. हिरवा चारा सडतो, साठवता येत नाही. पेंढा साठवता येतो. भातकापणी झाल्यावर मुरबाड-शहापूरकडे पेंढा स्वस्त असतो, तेव्हा वर्षाचा घेऊन ठेवला, तर उन्हाळ्यातली महागाई टळते. म्हणून दिवाळीनंतर आलेले शंभर रुपये मे महिन्यातल्या शंभर रुपयांपेक्षा मोठे असतात. आणि रोज मिळू शकणारी एक फुकट गोष्ट बाजारात पडलेली असते. फ्लॉवरचा पाला, मुळ्याचा पाला, मक्याची कणसे सोलल्यावर उरलेली पाने, मटाराच्या शेंगांची टरफले. भाजीवाले ती कचऱ्यात टाकतात आणि महापालिकेची गाडी ती उचलते. तीच ताजी आणि स्वच्छ मिळाली, तर जनावराचा घास होतो.

ते परत येऊन मी वर्गात सांगितले. एका मुलीने फळ्यावर हिशेब मांडला. वर्गात पन्नास मुले. प्रत्येकाने दोन रुपये दिले, तर शंभर, म्हणजे एका गाईचा एक दिवस. महिन्यातून एक दिवस आपण एक गाय जेवू घालू शकतो. “बाकीचे एकोणतीस दिवस?” मागच्या बाकावरून प्रश्न आला. हा तोच पिंजऱ्यांचा विद्यार्थी. आमच्या शाळेत किती वर्ग आहेत, ते मग त्यानेच मोजले. आपल्या गल्लीत मटणाचे दुकान आहे आणि आपण गाईसाठी पैसे जमवतो, याला लोक हसतील, असेही एक मुलगा म्हणाला. त्याला त्याच्या शेजाऱ्याने दहिवंडीची आठवण करून दिली.

शेवटी पैशाऐवजी पाल्यापासून सुरुवात करायचे ठरले. किसननगरच्या बाजारातल्या एका भाजीवाल्याचा मुलगा आमच्याच वर्गात आहे. दर गुरुवारी दुपारी तो आणि आणखी तिघे दुकानांसमोर गोणपाटाची पोती ठेवतात आणि आश्रयस्थानाचा टेम्पो संध्याकाळी ती उचलतो. पोत्यांशेजारी पुठ्ठ्याची पाटी आहे: ‘येथे प्लास्टिकची पिशवी टाकू नये’. वर मराठीत, खाली उर्दूत. मराठीत ‘पिशवी’चा पहिला उकार-इकार दोनदा चुकला आणि दोनदा पुठ्ठा बदलावा लागला. पहिल्या गुरुवारी पोत्यांत एकतीस किलो पाला जमला आणि तरीही सात प्लास्टिकच्या पिशव्या निघाल्या. पाला एका गाईला दीड दिवस पुरण्याइतका होता. पिशव्या मुलांनी मोजून वेगळ्या काढल्या आणि वर्गात आणून दाखवल्या.